हृदयाचं हार्मोन, वंश आणि रिपोर्टवरचा एकच कटऑफ

रक्तरेषा

मी अमेरिकेत रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. एनटी-प्रोबीएनपीचे, म्हणजे हृदयातून रक्तात येणाऱ्या एका हार्मोनच्या टेस्टचे, रिपोर्ट रोज हातातून जातात. धाप लागलेला पेशंट आला की हार्ट फेल्युअर आहे का, हे ताडायला डॉक्टर ही टेस्ट मागवतात. ३०० पिकोग्रॅम प्रति मिलीलीटरच्या खाली असेल तर अचानक झालेलं हार्ट फेल्युअर जवळपास बाद. त्यापुढे हार्ट फेल्युअर धरायची रेषा, म्हणजे कटऑफ, वयाप्रमाणे: पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंचाहत्तर ९००, त्यावर १८००. म्हणजे वय बघतात. बाकी माणूस कोण, कुठला, याची नोंद त्या ओळीत कुठेच नसते.

आता गंमत अशी की अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांत (२०१५ चा डॅलस हार्ट स्टडीचा पेपर, नंतर एआरआयसी, रिगार्ड्स) हे हार्मोन कृष्णवर्णीय लोकांमध्ये गोऱ्यांपेक्षा सरासरीने बरंच कमी सापडलं. वजन, रक्तदाब, किडनी सगळं हिशेबात धरूनही फरक उरलाच. आम्हाला शिकवलेलं असं की हे कमी म्हणजे हृदयावर ताण कमी. मग ज्यांच्यात ते कमी, त्यांच्यातच रक्तदाब आणि हार्ट फेल्युअर जास्त, हे कोडं काय आहे? आणि कटऑफ वेगवेगळे ठेवायला हवेत का?

जाणकारांनी लिहावं. अजाणकारांनीही लिहावं, नाहीतर धागा कोरडा होतो.

---

पाटीपेन्सिल

अजाणकार हजर. हृदयाला हार्मोन असतं हेच आज कळलं. मला वाटायचं ते नुसता पंप आहे.

---

स्टेथोवाला

@पाटीपेन्सिल, १९८१ पर्यंत बहुतेक डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. कॅनडात किंग्स्टनला अडोल्फो दे बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा, म्हणजे एट्रियाचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला. उंदरांनी भरपूर लघवी केली, लघवीतून भरपूर मीठ गेलं आणि रक्तदाब उतरला. तेच एएनपी हे हार्मोन. त्याचं भावंड बीएनपी १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत मिळालं, म्हणून त्यातला बी ब्रेनचा. माणसात ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

काम असं: रक्ताचं प्रमाण वाढून हृदयाची भिंत ताणली की स्नायूपेशी १०८ अमिनो आम्लांची एक साखळी तयार करतात. तिचे दोन तुकडे होतात. ३२ चा तुकडा बीएनपी, कामाचा तोच. उरलेला ७६ चा एनटी-प्रोबीएनपी, तो काही करत नाही पण रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून लॅबवाल्यांचा लाडका. बीएनपी किडनीला सांगतं मीठ-पाणी सोड, रक्तवाहिन्यांना सांगतं सैल व्हा.

आता कोड्याकडे. अग्निशमन दलाची गाडी धावताना दिसली की कुठेतरी आग आहे हे कळतं. गाड्या दिसत नाहीत म्हणजे आग नाही, असं आपण धरून चालतो. पण गावात गाड्याच कमी असतील तर? आग लागते, पसरते आणि रस्ता शांतच. बीएनपी संकटाची खूण आहे आणि संकटावरचा उपायही आहे. आपण ते फक्त खूण म्हणून वाचतो, तिथे गोंधळ होतो. मुळातच कमी बनत असेल तर मीठ अंगात साठणार, दाब वाढणार, वर्षानुवर्षं हृदयाची भिंत जाड होत जाणार. कोडं सुटलं असं म्हणत नाही, पण संशोधकांचा एक मोठा गट या दिशेने विचार करतोय.

---

रक्तरेषा

वा, डॉक्टर. पण 'मुळातच कमी बनतं' कशावरून? बनतं तितकंच, पण लवकर नष्ट होतं, असंही असू शकेल ना?

---

स्टेथोवाला

योग्य प्रश्न. बीएनपी नष्ट व्हायचे दोन मुख्य मार्ग: नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम, आणि चरबीच्या पेशींवर वगैरे असणारे सफाईचे रिसेप्टर. एनटी-प्रोबीएनपी या दोन्ही वाटांनी जात नाही, ते बरंचसं किडनीतून जातं. तरीही तेसुद्धा कमीच आढळतं. म्हणून संशयाची सुई उत्पादनाकडे वळते.

जनुकांचेही काही धागे आहेत. एएनपीच्या जनुकाजवळचा आरएस५०६८ हा बदल ज्यांच्यात आहे त्यांचं एएनपी जास्त आणि रक्तदाब थोडा कमी, हे २००९ मध्ये दिसलं. आफ्रिकी वंशाच्या लोकांत हा बदल कमी आढळतो. उलट बाजूने, कच्च्या एएनपीचं पक्कं एएनपी करणारं कोरिन नावाचं एन्झाइम आहे. त्याचा एक मंद चालणारा प्रकार आफ्रिकन अमेरिकनांत तुलनेने जास्त सापडतो आणि त्याचं उच्च रक्तदाबाशी नातं आहे.

---

तिरकस

आला, जनुकांचा रथ आला. आता बाकी सगळं बाजूला व्हा.

मेसा नावाचा अभ्यास माहीत असेलच: ६,८१४ माणसं, गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे अमेरिकन. २००८ मध्ये त्यांनी हार्ट फेल्युअरचे आकडे दिले. दर हजार व्यक्ति-वर्षांमागे (म्हणजे हजार माणसं वर्षभर पाहिली तर) कृष्णवर्णीयांत ४.६, हिस्पॅनिकांत ३.५, गोऱ्यांत २.४, चिनी वंशाच्यांत १.०. इथपर्यंत वाचून लोक थांबतात आणि 'बघा, वंश!' म्हणतात. पुढचं वाक्य असं आहे की रक्तदाब आणि मधुमेह हिशेबात घेतल्यावर वंशाचा स्वतंत्र परिणाम उरत नाही. रक्तदाब आणि मधुमेह कुठून येतात? घर कुठल्या वस्तीत, विमा आहे का, रात्रपाळी किती, गोळ्या परवडतात का, यातून. हार्मोन हा त्यातला एक छोटा वाटेकरी असेल, नाही म्हणत नाही.

आणि १९७२ पासून माहीत आहे की माणसामाणसांतला साधारण ८५ टक्के जनुकीय फरक एकाच समूहाच्या आत असतो. गट बघून माणूस ओळखायला निघालात तर बहुतेक वेळा चुकाल.

---

खारेवारे

पण मिठाचं ते जुनं स्पष्टीकरण आहे ना, गुलामांच्या जहाजांचं? उलट्या-जुलाबांनी आणि तहानेने माणसं मरत होती, ज्यांचं शरीर मीठ धरून ठेवायचं तेच वाचले, म्हणून त्यांच्या वंशजांना बीपी. बीएनपी कमी असणं यात चपखल बसतं की.

---

तिरकस

चपखल बसतं म्हणूनच सावध राहा. इतिहासकार फिलिप कर्टिन यांनी १९९२ मध्येच या कल्पनेवर लिहिलं आहे: जहाजांवरच्या मृत्यूंचा जो पुरावा हाती आहे त्यावर ती उभी राहत नाही.

त्यापेक्षा रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांचं १९९७ चं काम वाचा. एकाच पश्चिम आफ्रिकी मुळाची माणसं, वेगवेगळ्या ठिकाणी राहणारी. उच्च रक्तदाबाचं प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियनमध्ये २६, अमेरिकेत ३३. मूळ तेच, आकडा दुप्पट. २००५ मध्ये त्यांनी गोऱ्यांशीही तुलना केली, तर जर्मनीतल्या गोऱ्यांत ५५ टक्के निघाला! आता जर्मन लोक कुठल्या जहाजातून आले ते सांगा.

---

पाटीपेन्सिल

हाहा. @खारेवारे, जहाज बुडालं.

---

खारेवारे

बुडालं नाही, गळतंय. अमेरिकेत आफ्रिकी वंशाचे आणि गोरे शेजारी-शेजारी राहत असतानाही हार्मोनमध्ये फरक राहतोच आहे, त्याचं काय? एआरआयसीत तर कृष्णवर्णीयांमध्येच ज्याच्या जनुकांत युरोपीय अंश जास्त, त्याचं एनटी-प्रोबीएनपी सरासरीने जास्त असं दिसलं. हे वस्तीवरून कसं समजावणार?

---

तिरकस

पॉइंट आहे. पण 'शेजारी-शेजारी' हे अमेरिकेतल्या शहरांबद्दल लिहिताना जरा हात थरथरू द्या.

---

मेघमल्हारी

चर्चा फार वर चालली आहे, मी खाली आणते. आईला दोन वर्षांपूर्वी धाप लागू लागली. वजन भरपूर. बीएनपी केलं, आलं ७०. शंभरच्या आत आहे, हृदय ठीक आहे, फुप्फुसवाल्यांकडे जा, असं सांगितलं. इन्हेलर सुरू झाला. पण घरी मला जे दिसत होतं ते वेगळंच: संध्याकाळी मोजे काढले की घोट्याच्या वर इलॅस्टिकची खोल वळी उमटायची आणि तासभर जायची नाही. बुटाची नाडी बांधायला वाकली की अर्ध्यातच उठून बसायची, 'थांब गं, श्वास घेऊ दे'. आडवं झोपवत नव्हतं म्हणून तिसरी उशी आली. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत नाडी बांधायला लावली आणि ती अर्ध्यात थांबलेली बघूनच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लिहून दिला. हृदय आकुंचन नीट पावत होतं, पण सैल होत नव्हतं. हार्ट फेल्युअरच.

त्या दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की जाड माणसांत बीएनपी कमी येतं. मग हे पहिल्यांना माहीत नव्हतं का? त्यामुळे वंशाचा कटऑफ राहू द्या, वजनाचा तरी लोक वापरतात का, हा माझा प्रश्न.

---

स्टेथोवाला

ताई, आई आता बऱ्या आहेत ना?

तुम्ही लिहिलंत ते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात हार्ट फेल्युअर नसलेल्या लोकांत दिसलं की वजन वाढत जातं तसं हे हार्मोन कमी होत जातं. खूप स्थूल माणसात बीएनपीची रेषा १०० ऐवजी ५० धरावी असं सुचवलेलं आहे. त्या हिशेबाने तुमच्या आईंचं ७० म्हणजे धोक्याचीच घंटा होती. वापरतात का? काही वापरतात. रिपोर्टवर छापलेलं नसतं आणि गर्दीच्या ओपीडीत डोळे फक्त लाल अक्षराकडे जातात.

वाकल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत धाप लागणं, याला बेंडॉप्निया म्हणतात. फुकटची तपासणी आहे.

---

मेघमल्हारी

बऱ्या आहेत, धन्यवाद. मोज्यांची वळी आता नाही. आई रोज सकाळी वजन लिहून ठेवते, दोन दिवसांत वाढलं की मला फोन.

---

गणिती

म्हणजे या हार्मोनवर वय, वजन, किडनी आणि बाई की पुरुष, इतक्यांचा परिणाम आहे (बायकांत जास्त असतं, टेस्टोस्टेरॉन ते दाबतं). त्यात वंश पाचवा. प्रत्येकाचा वेगळा कटऑफ काढला तर रिपोर्टऐवजी लॉग टेबल द्यावं लागेल. @रक्तरेषा, लॅबमध्ये फॉर्मवर वंश कोण भरतं?

---

रक्तरेषा

तेच तर! काउंटरवरची मुलगी. कधी विचारून, कधी चेहरा बघून. एकाच पेशंटच्या दोन फॉर्मवर दोन वेगळ्या खुणा मी स्वतः पाहिल्या आहेत. आजी एका खंडातली, आजोबा दुसऱ्या, त्याने कुठल्या चौकटीत खूण करायची?

---

दक्षिणदिशा

आपलं काय पण? सगळे अभ्यास काळे-गोरे. दक्षिण आशियाई माणूस कुठल्या रांगेत?

---

स्टेथोवाला

आपल्याकडे धोक्याची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात (२००४) दक्षिण आशियाईंना पहिला हार्ट अ‍ॅटॅक येण्याचं सरासरी वय ५३ निघालं, इतर देशांत ५९. सहा वर्षं लवकर. पण तिथेही कारणं गूढ नव्हती: तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉलचे बिघडलेले घटक, पोटाचा घेर वगैरे नऊ गोष्टींत जगभरातल्या पुरुषांचा ९० टक्के धोका मावला. आपल्या लोकांत त्या गोष्टी लहान वयात जमतात, इतकंच. भर म्हणून लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण आहे, त्याचं प्रमाण बऱ्यापैकी जन्मतःच ठरलेलं असतं. आफ्रिकी वंशाच्यांत सरासरी सर्वांत जास्त, त्याखालोखाल आपण. आयुष्यात एकदा तरी मोजून घ्यावं.

अमेरिकेत दक्षिण आशियाईंसाठी मसाला नावाचा अभ्यास सुरू आहे. (हो, खरंच हेच नाव आहे.) २०१८ च्या अमेरिकी कोलेस्टेरॉल मार्गदर्शनात 'दक्षिण आशियाई मूळ' हे धोका वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे.

---

पाटीपेन्सिल

मसाला स्टडी. नाव ठेवणाऱ्याला मानाचा मुजरा.

---

तिरकस

आणि त्याच अमेरिकेत २०२३ मध्ये हार्ट असोसिएशनने हृदयविकाराचा धोका मोजणारी प्रिव्हेंट नावाची नवी समीकरणं आणली, त्यातून वंश काढून टाकला आणि किडनी आत घेतली. २०२१ मध्ये किडनी किती काम करते ते सांगणाऱ्या ईजीएफआरच्या सूत्रातूनही काढला. इकडे ब्रिटनचं धोका मोजायचं सूत्र क्यूरिस्क मात्र भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी अशा वेगळ्या चौकटी ठेवून आहे. म्हणजे तोच माणूस विमानात बसला की त्याचा धोका बदलतो!

---

खारेवारे

धोका बदलत नाही, अंदाज बदलतो. आणि वंश काढला की न्याय झाला, असं नाही. सगळे सारखे मानल्याने ज्याचा धोका खरंच जास्त आहे तो कमी धोक्याच्या रांगेत जाऊन बसला तर? औषध त्यालाच मिळणार नाही. समतेच्या नावाखाली नुकसान त्याचंच.

---

तिरकस

आणि वंश ठेवल्याने काय होतं याचाही अनुभव आहे. किडनीच्या जुन्या सूत्रात कृष्णवर्णीयांची किडनी कागदावर जास्त चांगली दिसायची आणि ते प्रत्यारोपणाच्या यादीत उशिरा लागायचे. कुणाचं नुकसान होतं ते सूत्र कुठलं आहे त्यावर ठरतं. तत्त्व म्हणून एक बाजू घेता येत नाही, एवढं तुमचं मान्य.

---

अस्सल

शेवटी पैसा. २००५ मध्ये अमेरिकेत बायडिल मंजूर झालं, फक्त स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटांसाठी. आत दोन जुनी औषधं, हायड्रालाझिन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. पेटंटसाठी वंश. बाकी बोलायचं काम नाही.

---

स्टेथोवाला

@अस्सल, पैशाचा भाग नाकारत नाही, पण निम्मी गोष्ट सांगू नका. बायडिलच्या ए-हेफ्ट अभ्यासात १,०५० कृष्णवर्णीय पेशंट होते, आधीच बाकीची औषधं चालू असलेले. त्यात मृत्यू १०.२ टक्क्यांवरून ६.२ वर आले, अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. औषध खरं आहे. चूक असेल तर ती गोऱ्यांना सोबत न घेण्यात: त्यांना उपयोग होतो की नाही, हे त्या अभ्यासातून कळूच शकत नाही.

आणि मूळ विषयाशी जवळचं उदाहरण हवं तर ओमापॅट्रिलॅट या औषधाचं घ्या. बीएनपी मोडणाऱ्या नेप्रिलायसिनला अडवायचं, म्हणजे शरीराचं स्वतःचं हार्मोन टिकेल, ही कल्पना. हार्मोन कमी असलेल्यांसाठी तर वरदानच वाटेल. त्यात रक्तदाब वाढवणारं एसीई नावाचं एन्झाइमही अडवलं होतं. दोन्ही एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं रसायनही मोडतात, तेही साठलं आणि पेशंटांचे ओठ-जीभ-घसा सुजू लागले. पंचवीस हजारांवर लोकांच्या ऑक्टेव्ह अभ्यासात ही सूज २.१७ टक्के, तुलनेच्या गोळीत ०.६८. कृष्णवर्णीयांत ५.५ विरुद्ध १.६. ज्यांना फायदा सर्वांत जास्त व्हावा असं वाटलं, त्यांनाच त्रासही सर्वांत जास्त. औषध बाजारात आलंच नाही.

पुढे सॅक्युबिट्रिल-वालसार्टन या औषधाने एसीईला हात न लावता तेच साधलं. २०१४ चा पॅराडाइम अभ्यास, ८,३९९ पेशंट. त्यात कृष्णवर्णीय किती? पाच टक्के.

---

गणिती

पाच टक्के!! आणि आपण इथे कटऑफवर भांडतोय.

---

न्हाव्याचा_मित्र

या सगळ्यात एक आशादायक गोष्ट टाकतो. लॉस एंजेलिसमध्ये ५२ केशकर्तनालयांत ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांवर प्रयोग झाला, २०१८ मध्ये छापून आला. फार्मासिस्ट थेट दुकानात यायचा, बीपी बघून तिथेच औषध लिहून द्यायचा. सहा महिन्यांत वरचं बीपी सरासरी २७ ने उतरलं. तुलनेच्या दुकानांत न्हावी फक्त 'डॉक्टरकडे जा, खाणं-पिणं सांभाळ' एवढं सांगायचा, तिथे ९. जनुकं दोन्हीकडे तीच, न्हावीही.

---

तिरकस

@न्हाव्याचा_मित्र, हे माझ्या सगळ्या प्रतिसादांपेक्षा भारी. मी गप्प बसतो.

---

पाटीपेन्सिल

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

रक्तरेषा

मूळ प्रश्न राहिलाच. डॉक्टर, वंशानुसार कटऑफ हवेत की नकोत? एक घाव दोन तुकडे सांगा.

---

स्टेथोवाला

नकोत. पण एकच कटऑफ सगळ्यांना आंधळेपणाने लावणंही नको.

सरासरी फरक खरा आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण दोन गटांचे आलेख एकमेकांवर इतके पडतात की समोरच्या एका माणसाबद्दल त्यातून फार थोडं कळतं. शिवाय कुठल्याही गटात पातळी वाढली की मृत्यूचा धोका वाढतो, हे नातं दोन्हीकडे सारखंच दिसलं आहे. म्हणजे चढा आकडा कुणाचाही असो, गंभीर घ्यावा. अडचण कमी आकड्याची आहे. कमी आकडा आणि लक्षणं यांचं पटत नसेल तर लक्षणांवर विश्वास ठेवावा आणि इको करावा. मेघमल्हारी ताईंच्या आईंबाबत दुसऱ्या डॉक्टरांनी तेच केलं. आणि शक्य असेल तिथे माणसाची तुलना त्याच्याच जुन्या आकड्याशी करावी.

---

गणिती

शेवटच्या वाक्याला हरकत. आकड्यावर नजर ठेवून औषध वाढवायचा प्रयोग झालाय ना, २०१७ चा गाइड-आयटी? एनटी-प्रोबीएनपी १,००० च्या खाली आणायचं ध्येय ठेवलं, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा काही फायदा झाला नाही.

---

स्टेथोवाला

तो आकड्याचा पाठलाग करण्याबद्दल होता. मी ओळखण्याबद्दल बोलतोय: बरा असताना १२० असलेला माणूस धापा टाकत आला आणि २८० निघालं, तर ३०० च्या आत आहे म्हणून त्याला घरी पाठवू नका.

---

रक्तरेषा

हे पटलं, आणि लॅबमधून करता येण्यासारखं आहे. आमच्या सिस्टीममध्ये मागचा निकाल नव्याच्या शेजारी दाखवायची सोय आहे, या टेस्टसाठी ती बंद ठेवलेली आहे. सोमवारी सुपरवायझरशी बोलते. वजनाची टीप खाली छापता येईल का, तेही विचारते.

---

स्टेथोवाला

जरूर. फक्त मागचा निकाल बीएनपीचा आणि नवा एनटी-प्रोबीएनपीचा असेल तर शेजारी दाखवू नका. दोन्हींचे आकडे वेगळ्या मापाचे असतात, आणि सॅक्युबिट्रिल चालू असलेल्या पेशंटचं बीएनपी औषधामुळेच वर जातं.

---

रक्तरेषा

नोंद केली.